पिशवीवरचं नाव

पबित्रा, तू फोनवर विचारलंस, "दिदी, तिकडे कचरा टाकायचेसुद्धा नियम आहेत म्हणे, खरं का?" आणि खूप हसलीस. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण नानू माझ्या मांडीला टेकून बसली होती. आता ती बालवाडीत गेली आहे म्हणून लिहून काढते. सकाळचे दहा वाजलेत, बाहेर ऊन आहे, तरी मी दिवा लावून बसले आहे. पुढच्या महिन्यात तू इथे येणार, तुझा नवरा आणि नानूचे बाबा एकाच भट्टीवर नान भाजणार, तेव्हा तुला हे कळलेलं बरं.

तर ऐक. जळणारा कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी. सकाळी आठच्या आत कोपऱ्यावरच्या निळ्या जाळीखाली ठेवायचा. जाळी नीट ओढली नाही तर कावळे पिशवी फोडतात आणि आतलं सगळं रस्ताभर पसरतात. प्लास्टिक बुधवारी, तेही धुऊन. पिशवी गावाने ठरवलेलीच लागते, दुसरी चालत नाही. आणि या डोंगरातल्या गावात प्रत्येक पिशवीवर ज्याने त्याने आपल्या घराचं नाव लिहायचं असतं. हे शेवटचं मला कुणीच सांगितलं नव्हतं.

आम्ही त्या पहिल्या खोलीत राहायला गेलो तेव्हा नानू महिन्याची होती. जुनी दुमजली लाकडी इमारत, चार बिऱ्हाडं, आम्ही खाली कोपऱ्यात. खोलीतली जमीन कोरी करकरीत, भिंतींचा कागद नवा, डिंकाचा वास अजून येत होता. जुनं फक्त एकच राहिलं होतं, भांडी घासायची मोरी आणि तिच्याखालचं कपाट. त्या कपाटाचं दार उघडलं की कुणीतरी तोंडाशी तोंड आणून जांभई द्यावी तसा दमट वास यायचा. मी म्हटलं, पावसाळा आहे, लाकूड कुजलं असेल. आत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात गावाच्या कचऱ्याच्या पिशव्या. एकेक पिशवी घडी घालून लहानशा त्रिकोणाएवढी केलेली, जशी आपण पानाची पुडी करतो. कोऱ्या पिशव्या, फुकट मिळाल्या. मला केवढा आनंद झाला होता, सांगू!

प्रत्येक पिशवीवर काळ्या शाईत तीन अक्षरं होती. पहिलं मोडक्या खाटेसारखं, मधलं आपल्या अधिकाच्या चिन्हासारखं, तिसऱ्यात नुसती गुंतवळ. सगळ्या पिशव्यांवर अगदी एकसारखी, केसाचाही फरक नाही. मला वाटलं छापलेलीच आहेत. मी सातवी शिकलेली, तीही आपल्या गावच्या शाळेत. इथली अक्षरं मला तेव्हा मुंग्यांच्या रांगेसारखी दिसायची.

आता तो डबीचा प्रकार सांगते. नानू जन्मली तेव्हा दवाखान्यातून निघताना नर्सने मला एक छोटी लाकडी डबी दिली. दोन्ही हातांनी, वाकून, देवाचा प्रसाद द्यावा तशी. उघडून बघते तर कापसावर नानूची गळून पडलेली नाळ. काळी, सुरकुतलेली, वाळलेल्या जळवेसारखी. इथले लोक ती जन्मभर जपून ठेवतात म्हणे. झाकणावर रेघा होत्या, मुलाचं नाव, जन्मदिवस, आईचं नाव लिहायला. नर्सने पेन पुढे केलं. मला लिहिता कुठे येत होतं? मी मान हलवली आणि डबी तशीच घेऊन आले.

त्या पहिल्या खोलीत आल्यावर डबीला वास यायला लागला. दमट हवेने नाळेवर पांढरी लव धरली होती. मी नानूच्या बाबांना दाखवली.

"आपल्याकडे नाळ पुरतात," मी म्हटलं, "इथे पुरायला माती तरी कुठे आहे?"

"नानूची आमा, अगं वाळलेलं मांस ते," ते जेवता जेवता म्हणाले. "माझ्या ताटासमोरून ने आधी. टाकून दे."

म्हणून टाकली. मंगळवारी सकाळी, नानूच्या घाणीच्या कागदी लंगोटांबरोबर, कोंबडीच्या हाडांबरोबर, त्या तीन अक्षरांच्या पिशवीत. वर गाठ मारली आणि जाळीखाली ठेवून आले. परत येताना हात तीनदा धुतले आणि मन हलकं झालं.

दुपारी दाराशी पिशवी. माझीच. वर लाल कागद चिकटवलेला, आणि खालून पिवळं पाणी ओघळत उंबऱ्यापर्यंत आलेलं. मी नाकाला पदर लावून गाठ सोडली, घाण दुसऱ्या पिशवीत ओतली. लंगोट होते, हाडं होती. डबी नव्हती. मला वाटलं तळाशी कुठेतरी असेल. कोण हात घालून शोधणार?

रविवारी तुलसा दिदी आली. तुला माहीतच आहे, बारा वर्षं जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात काम करते, इथली भाषा इथल्यांपेक्षा जास्त बोलते. मी काढून ठेवलेला लाल कागद तिने वाचला आणि पोट धरून हसली.

"अगं बहिनी, लंगोटातलं आधी संडासात टाकायचं असतं! तू तर सगळं तसंच बांधून सरकारला पाठवलंस. गोवऱ्या थापायच्या होत्या का त्यांना?"

"मला कुणी सांगितलं का, दिदी?"

"आणि खरकटं पिळून टाकायचं. पाणी गळता कामा नये. आमच्याकडे सासू सोडून सगळं पिळून टाकतात." मग कपाटाकडे बघून तिने नाक मुरडलं. "काय गं, पाला घातलायस का गुन्द्रुकाला आंबायला? शेजारी तक्रार करतील हां. इथे तोंडावर कुणी बोलत नाही, पण दोन-तीन तक्रारी झाल्या की घर जातं."

"गुन्द्रुक नाही घातलं," मी म्हटलं. "हे असंच येतं."

त्यानंतर मी सगळं नेमाने केलं. लंगोट साफ करून, खरकटं पिळून, पिशवी घट्ट बांधून. तरी शुक्रवारी पिशवी दाराशी परत. या वेळी लाल कागद नव्हता. गाठही माझी नव्हती, मी दुहेरी मारते, ही एकेरी होती, फुलासारखी.

नानूला पाठीशी बांधून मी ती दारातच उघडली. आत कचरा नव्हता, मांडामांड होती. कोंबडीची हाडं लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावलेली आणि प्रत्येक हाड चोखून चोखून पांढरं केलेलं. मी मांस काही सोडत नाही, पण हाडाच्या टोकाची कूर्चा तर कुणी माणूस अशी कुरतडत नाही. नानूचे लंगोट धुतलेले, वाळवलेले, त्रिकोणी घड्या घातलेले. माझ्या फणीतले गळलेले केस एका बोटावर गुंडाळावे तसे गोल वेटोळे करून ठेवलेले. भाताची शितं कागदावर एकेक वेचून. आणि वास कचऱ्याचा नव्हताच. तोंडाचा होता. दात पडलेल्या, दिवसचे दिवस न बोललेल्या म्हाताऱ्या तोंडाचा.

मी तिथेच पायरीवर ओकले.

नानूच्या बाबांना सांगितलं तर म्हणाले, "शेजारची कुणीतरी म्हातारी असेल, शिकवत असेल तुला. चांगलंच आहे की."

"हाडं चोखून शिकवतात का हो?"

ते हात धुऊन झोपायला गेले. सकाळी दहाला जायचे, परत येईतो मी झोपलेली. घरात दिवसभर मी, नानू आणि ती मोरी.

मग नानू दूध पिईना. छाती तोंडाशी नेली की मान वळवायची. वळवायची ती मोरीकडे. रडायची नाही, नुसती टक लावून बघायची आणि जीभ हलवायची. मी घाबरले. तीन दिवस थेंब नाही घेतला. तरी तिचं पोट टम्म, लंगोट भरलेला. दवाखान्यात वजन केलं तर वाढलेलं. डॉक्टर हसले, माझ्या पाठीवर थोपटलं. चौथ्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले तर नानू चटईवर उताणी, तोंड मिटून चघळते आहे. मी बोट घालून काढलं. चावलेला भात होता. बारीक, चिकट, कोमट, लाळेच्या तारा सुटलेल्या. त्याला खारवलेल्या माशाचा वास.

माझ्या घरात मासा आलाच नव्हता. आणि नानूला दात कुठले?

मी ती लाळ माझ्या बोटावरून साबणाने धुतली, मग मिठाने, मग राखेऐवजी भांडी घासायच्या पुडीने, कातडं सोलेपर्यंत. वास गेला नाही. त्या दिवसापासून नानूला खाली ठेवलं नाही. संडासातसुद्धा पाठीशी बांधून न्यायचे. तरी सकाळी उठून बघावं तर तिच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरं वाळलेलं असायचं.

पुढच्या मंगळवारी सकाळी सहा वाजता दार वाजलं. मोमोसे-सान उभ्या होत्या, आमच्या आळीच्या प्रमुख; इथे नावापुढे सान लावतात, आपण जी लावतो तसं. सत्तरी ओलांडलेल्या, अंगात एप्रन, पायात रबरी बूट. जाळी धुणं, जागा झाडणं ही पाळी घराघरांत फिरते, ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी टांगतात. त्या ती पाटी घेऊन आल्या होत्या, आता आमची पाळी. हसून वाकल्या. वाकता वाकता त्यांची नजर दाराशी ठेवलेल्या पिशवीवर गेली. मी ती टाकायला काढून ठेवली होती.

त्यांच्या हातातली पाटी खाली पडली.

त्या काहीतरी पुटपुटल्या, मला एवढंच कळलं की "कुणी लिहिलं?" असं विचारतायत. मी तुलसा दिदीला फोन लावला, फोन दोघींच्या मध्ये धरला. दिदी कारखान्यात निघाली होती, आधी कुरकुरली, मग तिचा आवाज खाली खाली येत गेला.

"बहिनी… त्या म्हणतात, हे नाव इगाराशी-सानचं आहे. तुझ्या खोलीत राहायची ती बाई. एकटी. मूलबाळ नाही. तू तिच्या नावाने कचरा टाकत होतीस?"

"नाव? मला वाटलं छापलेलं आहे…"

"मर तू. नाव आहे ते."

मोमोसे-सान जमिनीकडे बघून बोलत होत्या, थांबत थांबत. दिदी मागोमाग सांगत होती. "म्हणतात, म्हातारपणी तिला कचरा वेगळा वेगळा करणं जमेना. तिच्या पिशव्या परत यायच्या. परत आणून दाराशी ठेवायचं काम यांचं, त्या वर्षी पाळी यांची होती. सगळ्यांच्या देखत. ती दर वेळी वाकून माफी मागायची. मग तिने कचरा टाकणंच बंद केलं… लोकांना वाटलं, शिकली. ऑगस्टमध्ये वास आला तेव्हा दार फोडलं. खोली छतापर्यंत भरलेली, बहिनी. पण सगळं धुतलेलं. वेगळं केलेलं. हाडंसुद्धा. ती मोरीपाशी होती. बऱ्याच दिवसांची."

मला वाटलं पायाखालची नवी जमीन मऊ पडली आहे. त्या जमिनीवर मी नानूला झोपवत होते.

"दिदी, त्यांना विचार, माझ्या पिशव्या परत कोण आणून ठेवतं? त्याच ना?"

दिदीने विचारलं. मोमोसे-सान पडलेली पाटी उचलायला वाकल्या. मग एकच वाक्य बोलल्या.

"म्हणतात… त्या ऑगस्टपासून या आळीत कुणीही कुणाची पिशवी परत नेऊन ठेवत नाही. चुकलेली असली तरी जाळीखालीच राहू देतात. सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

पाठीवर नानू चघळत होती. मला ऐकू येत होतं.

मी मोमोसे-सानचा हात धरला. त्यांना डबीचं सांगितलं, हातांनी, खुणांनी, पोटाकडे बोट दाखवून, दिदी तिकडून ओरडून सांगत होती. त्यांचं तोंड पांढरं पडलं. त्या नानूकडे बघायच्या, पिशवीकडे बघायच्या.

"काय म्हणतात? दिदी, काय म्हणतात?"

"म्हणतात, आमच्याकडे पिशवीवर ज्याचं नाव, आतलं त्याचं…"

मग मोमोसे-सान बूट काढून आत आल्या. मोरीसमोर गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि बोलायला लागल्या. मला भाषा कळत नव्हती, पण माफी कोणत्याही भाषेत कळते. रडत होत्या. कपाटाचं दार बंद होतं, तरी आतला वास असा दाटून आला की माझे डोळे चुरचुरले. त्यांनी दार उघडलं, डबा बाहेर काढला, उरलेल्या सगळ्या पिशव्या एप्रनमध्ये घेतल्या. दाराशी ठेवलेली भरलेलीसुद्धा उचलली. आमच्या घाणीने भरलेली पिशवी ती बाई पोटाशी धरून घेऊन गेली.

जाताना नाव न लिहिलेली एक कोरी पिशवी मला दिली आणि काळं पेन. दिदीने फोटो पाठवला त्यावर बघून मी पहिल्यांदा आमचं नाव लिहिलं. पुन. दोनच अक्षरं, वाकडीतिकडी. त्या शुक्रवारी पिशवी परत आली नाही.

रविवारी नानूने दूध घेतलं. पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, जसं काही माझीच किळस आली तिला. मग घेतलं. मी रडत होते, दूध आणि डोळ्यांतलं पाणी तिच्या गालावर एक झालं.

पण मी त्या घरात राहायला तयार नव्हते. नानूच्या बाबांनी भट्टीच्या मालकांचे, साहुजींचे, पाय धरले, तेव्हा दोन महिन्यांनी ही दुसरी खोली मिळाली, नदीपलीकडे. निघायच्या दिवशी सामान गाडीत चढवलं. शेवटची चादर घ्यायला मी आत गेले आणि बाहेर आले तर उंबऱ्यावर पिशवी. तीन अक्षरं. फुलासारखी एकेरी गाठ. आत काहीतरी लहानसं.

मोमोसे-सान कोपऱ्यावर जाळी धूत होत्या. मी पिशवी उंच धरून दाखवली. त्यांनी हातातला पाइप टाकला आणि जोरजोरात मान हलवली, मी नाही, मी नाही. त्यांच्याकडच्या सगळ्या पिशव्या त्यांच्या घरी बांधून ठेवलेल्या होत्या, असं दिदीने मग विचारून घेतलं.

पिशवीत डबी होती. स्वच्छ पुसलेली. आणि झाकणावरच्या रेघा भरलेल्या. नानूचं खरं नाव लिहिलेलं, दिदीने वाचून दाखवलं, बरोबर होतं. सिम्रिका. जन्मदिवस बरोबर. आईच्या नावापुढे काय लिहिलंय ते मात्र दिदीला विचारावं लागलं नाही. तोवर मला तेवढं वाचता येत होतं. मोडकी खाट, अधिकाचं चिन्ह, गुंतवळ.

झाकण उघडलं. कापूस पांढराशुभ्र. त्यावरची नाळ वाळलेली नव्हती. ओली होती, निळसर, फुगलेली, आत्ताच कापल्यासारखी. हाताला कोमट लागली.

डबी आता वरच्या फळीवर आहे, पिठाच्या डब्यामागे. नानूचे बाबा अजून म्हणतात, टाकून दे. टाकू कशी? टाकायची तर पिशवीत टाकावी लागेल. पिशवीवर नाव लिहावं लागेल. माझं लिहिलं आणि ती परत आली तर? आणि परत आलीच नाही तर, नानूचं काय?

म्हणून पबित्रा, तू आलीस की पिशव्या नव्या विकत घे. कपाटात सापडलेलं काही वापरू नकोस, कितीही कोरं असू दे. लंगोट साफ करून टाक, खरकटं पिळून टाक, आणि नाव आपल्या हाताने लिही.

काल सोमवार होता. मी मंगळवारच्या पिशवीवर नाव लिहायला बसले तर नानू म्हणाली, "आमा, मी." तीन वर्षांची आहे, तिला आपलं अक्षरसुद्धा येत नाही, इथलं तर नाहीच. म्हटलं गिरवू दे एक रेघ. पेन तिच्या मुठीत दिलं. तिने पेन नीट धरलं, म्हातारी माणसं धरतात तसं, सरळ. सावकाश, जीभ बाहेर काढून, एक खाट काढली. मोडकी. मग मला बघून हसली आणि तिच्याखाली आडवी एक, उभी एक, असं दोन रेघांचं अधिकाचं चिन्ह काढलं.

तिसरं अक्षर मी तिला पुरं करू दिलं नाही. पेन ओढून घेतलं. ती रडली नाही. इथल्या मोरीखालच्या कपाटाकडे बघून म्हणाली, "राहू दे. मग लिहू."

मला म्हणाली नाही.